तराईतलं गवत, ऊस आणि आपला नान्नजचा माळ

नान्नजकर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात कामानिमित्त अकरा दिवस उत्तर प्रदेशात होतो, लखीमपूर खिरी जिल्ह्यात, नेपाळच्या हद्दीला लागून. माझं काम साखर कारखान्यांचं. बॉयलरची नियंत्रणं लावायची, वाफेचे आणि पाण्याचे व्हॉल्व्ह सांगितल्याप्रमाणे उघडतात-मिटतात का ते तपासायचं, पॅनेल चालू करून द्यायचं. आपल्या सोलापूर जिल्ह्यातले बरेच कारखाने झालेत, यंदा बोलावणं पलियाकडून आलं. पलियापासून दुधवा राष्ट्रीय उद्यान अगदी जवळ. ते बघून आल्यापासून डोक्यातून काही गोष्टी जाईनात, म्हणून हा धागा.

लखनौहून गाडीनं पाच-सहा तास लागले. निम्मा रस्ता उसातून. ऊस मी जन्मापासून बघतोय, पण असा धुक्यातला ऊस नाही. आपल्याकडं हुरड्याच्या दिवसांतली थंडी नऊ वाजता उतरते. तिकडं बारा वाजले तरी सूर्य पांढऱ्या ताटलीसारखा, डोळे उघडे ठेवून सरळ बघावा असा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाची भिंत, आणि तिच्यावरून थेंब गळत होते.

पहिल्याच दिवशी यार्डातल्या माणसानं सांगितलं, सकाळी आठच्या आत वसाहतीबाहेर पायी जायचं नाही. मला वाटलं कुत्र्यांमुळं असेल. तो म्हणाला, "शेर है साहब, गन्ने में." तिकडं वाघालाही शेरच म्हणतात.

हा माणूस स्वतः शेतकरी, कारखान्यात हंगामी कामाला. तिकडं आपल्यासारख्या बीडहून तोड टोळ्या येत नाहीत. कारखान्याची पर्ची, म्हणजे ऊस आणायची चिठ्ठी, आली की शेतकरी आपला ऊस आपणच तोडतो, म्हणजे घरची माणसं, बायका, कधी पोरंही फडात. त्यानं सांगितलेली रीत अशी: आधी ट्रॅक्टर शेताच्या कडेला नुसता चालू ठेवायचा. मग चौघा-पाचांनी डबे वाजवत एका बाजूनं आत शिरायचं आणि समोरची बाजू मोकळी सोडायची, म्हणजे आत कुणी असेल तर त्याला वाट मिळते. एकट्यानं वाकून बसायचं नाही. बसलेला माणूस वाघाला जनावर वाटतो.

ऊस आणि वाघाचं नातं मला तिथं गेल्यावर कळलं. हा तराईचा, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा, पट्टा पूर्वी उंच गवताचा आणि दलदलीचा होता. हिवतापामुळं माणूस तिथं फार वस्ती करत नव्हता. स्वातंत्र्यानंतर हिवताप आटोक्यात आला, फाळणीत उखडलेली कुटुंबं तिथं वसवली गेली, गवत गेलं आणि ऊस आला. वाघाच्या बाजूनं बघितलं तर फरक किती? डोक्याच्या वर जाणारं दाट पातं, आत गारवा, शेजारी पाटाचं पाणी, खायला रानडुक्कर आणि नीलगाय. वाघिणी उसात पिल्लं घालतात. मग तोड सुरू झाली की ते घर रोज एकेक सरीनं कमी होत जातं. ज्या पिकावर माझं पोट चालतं त्याची ही बाजू मला माहीत नव्हती.

सातव्या दिवशी कारखाना सफाईसाठी थांबला आणि मला दीड दिवस मोकळा मिळाला.

पहिला अर्धा दिवस किशनपूर अभयारण्य. हे शारदा नदीच्या बाजूला, दुधवा व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. आधी सालाचं जंगल लागतं. सरळसोट खोड, वर कुठंतरी पानं, खाली अंधारा हिरवा उजेड आणि माणसाच्या उंचीची वारुळं. ओल्या वाटेवर वाघाच्या पायाचे ठसे होते, ताजे. गाडी थांबवून सगळे गप्प बसलो. दूरवर चितळ ओरडलं, मग पुन्हा शांतता. वाघ दिसला नाही.

मग जंगल एकदम संपलं आणि समोर झादी ताल आला. ताल म्हणजे उथळ तळं. धुकं पाण्यावरून वर चढत होतं आणि त्या धुक्यात नुसती शिंगं दिसत होती. जनावर नाही, फक्त शिंगं, झाडाच्या वाळक्या फांद्यांसारखी. हळूहळू खालून माना आल्या, पाठी आल्या. बारशिंगे. पोटापर्यंत पाण्यात उभे राहून पाणवनस्पती खात होते. साठच्या पुढं मोजले आणि मोजणं सोडून दिलं. एक नर डोकं खाली घालून शिंगांत गवताचा भारा घेऊन वर आला, पाणी निथळतंय, आणि तसाच उभा राहिला.

आपल्याकडं मोठ्या शिंगाच्या कुठल्याही जनावराला बारशिंगा म्हणतात, बहुतेक वेळा ते सांबर असतं. हा प्राणी वेगळा. याचे खूर चिखलात फाकतात, म्हणून दलदलीत बुडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुधव्यात सठियाना भागात गेलो. तिथल्या मोकळ्या गवताळ पट्ट्यांना ते लोक 'फांटा' म्हणतात. आमचा वाटाड्या शेजारच्या गावचा, थारू समाजाचा. त्यानं सांगितलं की पुढच्या महिन्यापासून हे गवत आळीपाळीनं पट्ट्यापट्ट्यानं जाळतील. नाहीतर झाडोरा आत शिरतो आणि चार-पाच वर्षांत फांटा राहत नाही. जाळल्यावर कोवळं फुटतं, त्यावर बारशिंगे आणि पाडे (छोटी हरणं) येतात.

मी तिथं उभा होतो आणि गवतावरून एक भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, गेला. पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून, गवताला पोट लागेल इतक्या खालून, डावीकडं-उजवीकडं झुलत. हा पक्षी मी लहानपणापासून आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर बघतोय. वडील शाळेला सुट्टी असली की सायकलवर बसवून न्यायचे. एवढ्या परक्या मुलखात ओळखीचं कुणी भेटावं तसं झालं. आणि मग वाटलं, इथं गवतात झाड येऊ नये म्हणून माणसं राबतायत. आपण मात्र नान्नजच्या गवतात गिरिपुष्पाची रोपं लावली आणि त्याला वनीकरण म्हणालो. सातबाऱ्यावर माळ म्हणजे पडीक. माळावर काहीच नाही असं मी स्वतः किती वेळा बोललो असेन.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. कुणी तिकडं गेलं असेल तर तेही लिहा.

---

हिप्पर्गा_तलाव

मालक, शिंगांचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. वाघ दिसला की नाही एवढंच सगळे विचारतात, तुम्ही गवताबद्दल लिहिलंत हे फार आवडलं.

जायचं कधी, आणि खाण्यापिण्याचं काय?

---

नान्नजकर

नोव्हेंबरात उघडतं, जूनच्या मध्यावर बंद होतं. पावसाळ्यात सुहेली आणि मोहाना नद्यांचं पाणी सगळीकडं पसरतं. थंडीत धुकं आहे पण बारशिंग्यांची शिंगं पूर्ण वाढलेली असतात. वाघ बघायचा तर उन्हाळा बरा, पाण्यावर येतात.

खाणं साधं, डाळ-भात, बटाटा, मोहरीच्या तेलातलं. मी कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली होती, ती आठ दिवस पुरली. वाटाड्याला चटणी इतकी आवडली की उरलेली पुडी त्यालाच दिली.

एक राहिलं. जंगलाच्या पोटातून मीटरगेज रेल्वे जाते, मैलानीकडून. आपल्यातल्या जुन्या माणसांना गदगची मीटरगेज आठवत असेल, तसाच डब्यांचा आवाज. फाटकाशी थांबलो होतो, गाडी गेली आणि दोन मिनिटांनी त्याच रुळांवरून चितळांचा कळप ओलांडून गेला.

---

बार्शीची_लेक

उसातल्या वाघाचं वाचताना मला माहेर आठवलं. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ दिसला, पार यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला, आणि नंतर तो आमच्या बार्शी तालुक्यातही फिरत राहिला. आमच्या भागात वाघ कुणाच्या आजोबानंसुद्धा बघितलेला नव्हता. रात्रीची लाईट असते तेव्हा दादा पाणी द्यायला शेतात जातो. त्या महिन्यांत आई तो घरी येईपर्यंत जागी असायची.

मला त्या जनावराचा राग नाही आला हो. एवढं चालून आलं, एकटं. पण आईच्या जागरणाचंही कुणीतरी लिहावं असं वाटतं. तिकडच्या बायका उसात कशा जात असतील?

---

नान्नजकर

अक्का, मी हेच त्या यार्डातल्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला, "जाना तो पड़ेगा, पर्ची की तारीख निकल जाएगी." त्याच्या गावात बायका आता एकत्र जातात आणि सतत मोठ्यानं बोलत राहतात. गाणी म्हणतात. कारखान्याच्या कुंपणापाशी मला सकाळी धुक्यातून ती गाणी ऐकू यायची. पहिले दोन दिवस वाटलं कुठं लग्न आहे.

---

सीनाकाठ

मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी. लेख चांगला आहे, पण नान्नजचं नाव निघालं म्हणून लिहितो.

१९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर जमीन त्यात घातली. निम्मा सोलापूर जिल्हा आणि वर नगरचे तालुके. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. आमच्या वडिलांना विहिरीसाठी, विकत घेतलेल्या दोन एकरांसाठी दाखले आणायला किती चकरा माराव्या लागल्या ते मी बघितलंय. माळढोक आमच्या शेतात एकदाही आला नाही, त्याचा कागद मात्र कायम आला. मग माणसाला पक्ष्याबद्दल माया कशी वाटणार? पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटर केलं, पण तोवर तीस वर्षं गेली.

आमच्या भागात माळढोक हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. एखाद्याचं काम अडलं की "तुझ्यात माळढोक घुसला" म्हणायचे.

---

नान्नजकर

दादा, तुमचं म्हणणं पटतं. आमच्याही घरी हे झालंय. नकाशावर एवढी मोठी रेघ ओढली, पण जे पाच-सात माळ खरोखर त्याच्या विणीचे होते तेवढ्यांवर सगळी ताकद लावली असती आणि तिथल्या लोकांना त्यातून काही मिळालं असतं, तर आज चित्र वेगळं असतं असं मला वाटतं. पक्ष्याचाही फायदा झाला नाही आणि शेतकऱ्याचाही.

माझं म्हणणं फक्त त्या शिल्लक तुकड्यांबद्दल आहे. नान्नजची कुरणं दुष्काळी कामांतून राखली गेली म्हणून उरली. तिथं गवत नुसतं राखलं आणि ठरलेल्या वेळी कापून दिलं तरी गावाला चारा मिळतो.

---

पक्षीवही

नान्नजकर, फार मन लावून लिहिलंय. मी अक्कलकोटला शिक्षिका आहे, वीस वर्षं नान्नजला जाते. थोडी भर घालते.

तुम्ही बघितला तो भोवत्या हिवाळी पाहुणा. मध्य आशियातून येणारे भोवते आपल्या माळावर थंडीत मुक्कामाला असतात. संध्याकाळी गवतात जमिनीवरच झोपतात, एकाच जागी अनेक. म्हणून गवताची उंची महत्त्वाची. फार चरलेलं असेल तर लपायला जागा नाही, झाडं वाढली तर ते उतरतच नाहीत.

दुधव्याच्या त्याच गवतात माळढोकाचा एक नातेवाईक राहतो, बंगाल फ्लोरिकन. आपल्या विदर्भातल्या तणमोराचाही तो भाऊबंद. डिसेंबरात तुम्हाला दिसणं अवघड होतं. मार्च-एप्रिलमध्ये, जाळलेल्या पट्ट्यात गवत गुडघाभर आलं की काळा-पांढरा नर गवतातून उडी घेतो, क्षणभर हवेत तरंगतो आणि परत खाली. मादीला दिसावं म्हणून. उंच गवतात त्याची उडी कुणाला दिसणार? म्हणून ते जाळण्याचं वेळापत्रक.

आमचा माळढोक असाच. नर गळ्याची पिशवी फुगवून माळाच्या उंचवट्यावर उभा राहायचा आणि घुमायचा. तो आवाज मी २००० सालाच्या आसपास ऐकलाय, लांबून बैल हंबरावा तसा. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रं, कोल्हा, मेंढरांचा पाय, काहीही त्याला पुरतं. त्यात या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात. जवळ येईपर्यंत विजेची तार कळत नाही आणि दहा-पंधरा किलोच्या शरीराला ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थान-गुजरातमधल्या तारांबद्दल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला तो याचसाठी. सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आत उरलेत असं धरतात. नान्नजला तर गेल्या काही वर्षांत दिसणं जवळजवळ थांबलंय.

सीनाकाठ, तुमचा राग रास्त आहे. माझ्या वर्गात तुमच्या भागातली मुलं होती. त्यांना माळढोक म्हणजे जप्ती वाटायची. एका मुलाला मी काळवीट दाखवायला नेलं, तो म्हणाला, बाई, हे तर आमच्याच शेतात येतंय की!

---

विणकर_गल्ली

मी सोलापूरचा, पूर्व भागातला, सध्या नोकरीनिमित्त लखनौला. दुधव्याला तीनदा जाऊन आलोय. नान्नजकरांनी पुढच्या वेळी कतर्नियाघाट सोडू नये. तेही त्याच व्याघ्र प्रकल्पात येतं, बहराइच जिल्ह्यात. तिथं गेरुआ नदी नेपाळातून उतरते, इतकी स्वच्छ की तळाचे गोटे दिसतात. वाळूच्या बेटांवर घडियाल ऊन खात पडलेले असतात. लांब काठीसारखा जबडा, नराच्या नाकावर मडक्यासारखा गोळा. घड्यावरूनच त्याला घडियाल नाव पडलं. नावाड्यानं वल्हं थांबवलं आणि बोट दाखवलं, तर गंगेतली डॉल्फिन पाण्यावर येऊन श्वास घेऊन गेली. फुस्स असा आवाज. तिला दिसत नाही जवळपास, आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालते.

सारसही बघा. ऊस आणि भाताच्या मधल्या पाणथळीत जोडीनं उभे असतात, माणसाच्या उंचीचे.

---

हिप्पर्गा_तलाव

दुधव्यात गेंडे आहेत असं ऐकलं होतं. ते खरं का? की ते आसामातच?

---

नान्नजकर

खरं आहे, मी बघितले. तराईतले गेंडे शिकारीत पूर्वीच संपले होते. १९८४ मध्ये आसामातून आणि पुढच्या वर्षी नेपाळच्या चितवनमधून आणून दुधव्यात सोडले, विजेच्या कुंपणातल्या मोठ्या क्षेत्रात. आज चाळीसहून अधिक आहेत. मला एक मादी आणि पिल्लू दिसलं. उंच नरकुल गवतात नुसती पाठ हलत होती, ओल्या खडकासारखी. पिल्लू आईच्या पुढं चालत होतं.

हे उद्यान होण्यामागं बिली अर्जन सिंग नावाचा माणूस आहे. आधी शिकारी, मग बंदूक ठेवून दिली आणि पलियाजवळ जंगलाच्या कडेला घर बांधून राहिला. बारशिंगे वाचावेत म्हणून त्यानं दिल्लीपर्यंत पाठपुरावा केला. १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयातून तारा नावाची वाघीण आणून त्यानं जंगलात सोडली होती, त्यावरून पुढं पुष्कळ वाद झाले. वाटाड्याच्या वडिलांनी त्याच्याकडं काम केलं होतं. तो सांगत होता, साहेब बारशिंग्यांच्या बाबतीत गावकऱ्यांशी भांडायचे आणि कुणाच्या घरी आजारपण आलं की जीपही तेच काढायचे.

---

करमाळा_रोड

कान्हात पण बारशिंगा आहे ना? मी २०१७ ला बघितलाय, तिथं तो कोरड्या मैदानात चरत होता. दोन्ही एकच का?

---

पक्षीवही

जात एकच, उपजाती वेगळ्या. कान्हातला कडक जमिनीवर राहायला सरावलेला, त्याचे खूर दुधव्यातल्याइतके फाकत नाहीत. १९७० मध्ये तो फक्त ६६ उरला होता. कान्हानं काय केलं? कुरणात कुंपण घालून आत उंच गवत वाढू दिलं, म्हणजे माद्यांना पाडसं लपवायला जागा झाली. आणि कुरणातली गावं हलवली. त्या गावांचं दुःख वेगळं आहे, सीनाकाठ दादा म्हणतात तसं ते विसरून चालणार नाही. पण जनावर वाचलं ते गवतामुळं.

---

करमाळा_रोड

धन्यवाद बाई. आमच्याकडं २०२० च्या डिसेंबरात बिबट्यानं माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. तेव्हा ऊसतोड बंद होती. कोपीवरच्या बायका लेकरांना कमरेला दोरी बांधून झोपायच्या. नान्नजकरांनी लिहिलेली तिकडची रीत, समोरची बाजू मोकळी सोडायची, ती आमच्याकडं कुणी सांगितलीच नव्हती. आम्ही चारी बाजूंनी घेरून तोड करत होतो. मध्ये ससे, डुकरं अडकायची, तेव्हा मजा वाटायची. हा एवढा भाग छापून मी तोड मुकादमाला देणार आहे.

---

सीनाकाठ

बाई, तुमच्या वर्गातल्या मुलाचं वाचून हसलो आणि गप्प बसलो. काळवीट आमच्याकडं रोज हरभऱ्यात येतात. नुकसान होतं. पण परवा पहाटे पाणी द्यायला गेलो तर बांधावर लांडगा उभा होता. आमच्याकडं बघितलं, वळला आणि सावकाश माळाकडं गेला. मी बॅटरी बंद केली. का बंद केली मला सांगता येणार नाही.

आमच्या शेताच्या वर चाळीस एकर गायरान आहे. पुढच्या पावसाळ्यात तिथं झाडं लावायचा ठराव ग्रामसभेत येणार आहे. गवत राखायचं म्हटलं तर बोलायचं काय?

---

पक्षीवही

दादा, आधी मेंढपाळांना बरोबर घ्या, गायरान त्यांचंच जास्त आहे. चाळीसपैकी दहा-दहा एकराचे चार भाग करा, दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवा. दिवाळीनंतर त्याचं गवत कापून गावात वाटा. पवन्या, मारवेल जातीचं गवत तिथं अजून असेल तर बी टाकायचीही गरज नाही. झाडं लावायचीच असतील तर ओढ्याच्या कडेनं लावा, माळाच्या मध्ये नको. ग्रामसभा कधी आहे ते कळवा, मी येते. नान्नजकर, तुम्हीही चला.

---

नान्नजकर

येतो. पंधरा तारखेनंतर मी सोलापुरातच आहे. झादी तालाचे आणि फांट्याचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, ते मोठे छापून आणतो. दादा, शाळेत भिंत मिळेल का लावायला?

---

सीनाकाठ

मिळेल. मुख्याध्यापक माझे वर्गमित्र आहेत. शनिवारी सकाळची शाळा असते, दहानंतर या. जेवायला घरीच थांबायचं. आणि लवकर आलात तर गायरानावरून जाऊ, सध्या तिथं धाविक पक्ष्याची एक जोडी असते, नांगरटीच्या कडेला.